कात्री कृत्य ठेवते, कारण कापते

१९३१ साली अमेरिकेतल्या युनिव्हर्सल कंपनीने काढलेल्या 'फ्रँकन्स्टाइन' या कृष्णधवल चित्रपटात तळ्याकाठचा एक छोटासा प्रसंग आहे. मारिया नावाची लहान मुलगी एकटीच खेळते आहे. बाप रानात लावलेले सापळे बघायला गेलाय, जाताना 'मांजराशी खेळ' म्हणून सांगून गेलाय. झुडपं बाजूला सारत तो येतो. प्रेतांचे तुकडे शिवून, विजेने जिवंत केलेला, सपाट डोक्याचा, जड पायांचा, अजून नावही न मिळालेला तो. तोवर ज्याने त्याला पाहिलं तो एक तर घाबरला, नाही तर त्याच्यावर धावून गेला. मारिया यातलं काहीच करत नाही. ती आपलं नाव सांगते, त्याला विचारते, हात धरून काठावर नेते आणि आपल्या फुलांतली अर्धी त्याला देते. तो फूल नाकाशी नेतो आणि हसतो. मग खेळ सुरू होतो. एकेक फूल पाण्यात टाकायचं आणि होडीसारखं तरंगताना बघायचं. तिची तरंगतात, त्याचीही तरंगतात. होता होता त्याच्या हातातली फुलं संपतात. तो रिकाम्या हातांकडे बघतो, मग तिच्याकडे बघतो. सुंदर गोष्टी पाण्यावर तरंगतात एवढंच त्याला आत्ता आत्ता कळलेलं असतं. तो तिला उचलून पाण्यात टाकतो. ती वर येत नाही. तो गोंधळतो, हात हलवत राहतो आणि रानात पळून जातो.

प्रसंगाला पार्श्वसंगीत नाही. आता घाबरा, आता रडा असं सांगणारं कुणी नाही.

या प्रसंगाचा शेवट चित्रपटातून कापला गेला आणि जवळजवळ पन्नास वर्षं बहुतेक प्रेक्षकांनी चित्रपट त्याशिवायच पाहिला. कापलेल्या प्रतीत काय दिसायचं? तो हसतो, फुलं संपतात, तो मुलीकडे हात पुढे करतो आणि दृश्य तुटतं. पुढे गावात लग्नाची धामधूम चालू असते, लोक नाचत असतात, आणि त्या गर्दीतून मारियाचा बाप तिचं प्रेत हातांवर घेऊन चालत येतो. तिचा हात लोंबतोय. तो पुढे सरकतो तसा एकेक घोळका गप्प होत जातो. मधे काय घडलं ते प्रेक्षकाने स्वतःच ठरवायचं. माणसाचं मन अशा मोकळ्या जागेत काय भरतं ते सांगायला नको. फुलांच्या खेळात अजाणतेपणी झालेला मृत्यू कापून टाकल्यावर त्या जागी प्रेक्षकाच्या मनात खून आला, आणि अनेकांच्या मनात खुनाहूनही भयंकर काहीतरी आलं. प्रेक्षकाला सोसवणार नाही म्हणून जे काढलं, त्याच्या कितीतरी पट असह्य असं काही त्यांच्या डोक्यात घातलं गेलं.

सेन्सॉरच्या कात्रीबद्दल आपल्याकडे बोलणं होतं ते बहुधा स्वातंत्र्याच्या भाषेत. कलावंताचं स्वातंत्र्य, घटनेतलं कलम १९, वाजवी निर्बंध. ते महत्त्वाचं आहेच. पण मला या चित्रपटाच्या निमित्ताने वेगळा मुद्दा मांडायचा आहे. कात्रीला स्वतःची एक ओढ असते. ती हिंसा कमी करत नाही. हिंसा का घडली तेवढं ती पुसते. गुन्हा तसाच राहतो आणि गुन्ह्यापर्यंतची वाट नाहीशी होते. जो समाज आपल्या चित्रपटांमधून सतत अशी वाट पुसत राहतो, तो दोष कुणाचा हे चुकीचं शिकत जातो.

एकट्या तळ्याच्या प्रसंगावरून हे म्हटलं असतं तर ते ओढूनताणून ठरलं असतं. पण या चित्रपटातून आणखी काय काय गेलं ते बघा. प्रयोगशाळेत, वादळी रात्री, टेबलावरचा हात पहिल्यांदा हलतो तेव्हा त्या जिवाला घडवणारा शास्त्रज्ञ हेन्री फ्रँकन्स्टाइन बेभान होतो. 'हा जिवंत आहे' हे त्याचं ओरडणं सगळ्या जगाला पाठ आहे. त्याच्या पुढचं वाक्य मात्र दोन पिढ्यांनी ऐकलंच नाही. देव असणं म्हणजे काय ते मला आता कळलं, असं तो म्हणतो. हेन्रीचं काम करणाऱ्या कॉलिन क्लाइव्हने ते अशा आवाजात म्हटलंय की त्यातला आनंद आणि वेड वेगळं काढता येत नाही. धर्मनिंदा म्हणून या वाक्यावर ढगांचा गडगडाट चढवला गेला. तिसरा काप फ्रिट्झच्या प्रसंगाला. हेन्रीचा हा कुबडा नोकर तळघरात साखळदंडाने बांधलेल्या त्या जिवाला जळत्या मशालीने छळतो. त्या छळाचे तुकडेही छाटले गेले. राहिला तो फ्रिट्झचा मृत्यू.

आता हे तिन्ही काप कथेच्या क्रमाने शेजारी शेजारी ठेवा. पहिल्यात निर्मात्याचा उन्माद गेला. दुसऱ्यात निर्मितीवर झालेला अत्याचार गेला. तिसऱ्यात निर्मितीचं अजाणतेपण गेलं. जे उरलं त्यात एक राक्षस आहे, तो माणसं मारतो आणि शेवटी जमाव पवनचक्कीला आग लावून त्याला संपवतो. आपली वृत्तपत्रं या कथेला भस्मासुराची उपमा देतात. कापलेल्या चित्रपटाला ती चपखल बसते, कारण भस्मासुराच्या गोष्टीत वर देणाऱ्या शंकराकडे कुणी बोट दाखवत नाही. सारी दुष्टता असुराच्या पदरात. मेरी शेलीने मूळ कादंबरीत लिहिलेली आणि दिग्दर्शक जेम्स व्हेलने चित्रित केलेली गोष्ट मात्र जन्म देऊन पाठ फिरवणाऱ्याची आहे.

कादंबरी ज्यांनी वाचली आहे त्यांना हे चांगलंच ठाऊक असेल. मेरीने ती लिहायला घेतली तेव्हा ती अठरा वर्षांची होती. १८१६ चा उन्हाळा, जिनिव्हाचं सरोवर, शेजारी कवी लॉर्ड बायरन, आणि आदल्या वर्षी इंडोनेशियातल्या तांबोरा ज्वालामुखीने आभाळात फेकलेल्या राखेमुळे युरोपभर न संपणारा पाऊस. घरात कोंडलेल्या या मंडळींनी एकेक भुताची गोष्ट लिहायची असं ठरवलं आणि त्यातून १८१८ साली 'फ्रँकन्स्टाइन' छापली गेली, लेखिकेच्या नावाशिवाय. त्या कादंबरीत तळ्याऐवजी ओढा आहे आणि प्रसंग बरोबर उलटा आहे. एक मुलगी पाय घसरून प्रवाहात पडते, तो जीव उडी मारून तिला वाचवतो, तिला शुद्धीवर आणण्याची धडपड करतो. तेवढ्यात तिच्याबरोबरचा माणूस धावत येतो, मुलीला हिसकावून घेतो आणि पाठोपाठ येणाऱ्या त्याला गोळी घालतो. जीव वाचवल्याचं हे बक्षीस. माणसांवर सूड उगवण्याची शपथ तो त्यानंतर घेतो. चित्रपटात मुलगी वाचत नाही, बुडते. तरीही व्हेलने कादंबरीचा आत्मा सोडलेला नाही, असं मी मानतो. दोन्हीकडे तो जीव मुलीकडे जातो तो माणूस म्हणून, आणि दोन्हीकडे जग त्याला राक्षस ठरवून मोकळं होतं. मूळ कृतीशी प्रामाणिक असणं म्हणजे प्रसंग जसेच्या तसे उचलणं, असं समजणाऱ्यांनी ही दोन दृश्यं जोडीने अभ्यासावीत.

कादंबरीत नसलेली एक गोष्ट मात्र चित्रपटाने आणली, आणि कात्रीमुळे तीच सगळ्यांत विषारी ठरली. सुरुवातीला वैद्यकीय महाविद्यालयात डॉ. वाल्डमन विद्यार्थ्यांना दोन मेंदू दाखवतात. एक सामान्य माणसाचा, दुसरा अट्टल गुन्हेगाराचा. गुन्हेगाराच्या मेंदूची रचनाच कशी सदोष असते ते ते समजावून सांगतात. रात्री फ्रिट्झ मेंदू चोरायला येतो, दचकतो, चांगल्या मेंदूची बरणी हातून पडून फुटते आणि तो दुसरी बरणी घेऊन पळतो. म्हणजे या जिवाच्या डोक्यात गुन्हेगाराचा मेंदू आहे आणि त्याचा गुन्हा जन्माआधीच ठरलेला आहे. पूर्ण चित्रपट पाहिला की वाल्डमनचा हा सिद्धान्त आपल्या डोळ्यांसमोर कोलमडतो. डोक्यात मेंदू कुणाचाही असो, मारियाने हात धरला तेव्हा तो हसला, आणि मशाल रोखली गेली तेव्हा तो हिंस्र झाला. तळ्याचा प्रसंग हा वाल्डमनला दिलेला जबाब आहे. तो कापला आणि वाल्डमन बरोबर ठरले.

इथे थोडं आडवळण घेतो. त्या जिवाची भूमिका करणारा बोरिस कार्लॉफ, ज्याच्या नावाच्या जागी सुरुवातीच्या श्रेयनामावलीत नुसतं प्रश्नचिन्ह छापलं होतं, तो मूळचा लंडनचा विल्यम हेन्री प्रॅट. त्याची आई हिंदुस्थानात जन्मलेली, वडील इथल्या मीठ खात्यात नोकरीला. त्याच्या आजीची धाकटी बहीण म्हणजे अॅना लिओनोवेन्स, सयामच्या राजवाड्यात मुलांना शिकवायला गेलेली आणि पुढे पुस्तकांमुळे गाजलेली. ही अॅना १८३१ साली आपल्या अहमदनगरला जन्मली, कंपनी सरकारच्या लष्करी छावणीत. तिने आयुष्यभर आपला जन्म वेल्समध्ये झाल्याचं सांगितलं. गोऱ्या जगात हिंदुस्थानी छावणीतला गरीब जन्म हा डाग होता, म्हणून तो लपवला. जन्मावरून माणूस कसा जोखला जातो याची झळ ज्या घराला लागली, त्याच घरातल्या माणसाने जन्माने गुन्हेगार ठरवलेल्या जिवाला चेहरा दिला. कार्लॉफने हे मनात धरून काम केलं असं माझं म्हणणं नाही. पण त्या डोळ्यांतली कळवळ पाहताना मला हे आठवल्याशिवाय राहत नाही.

आणि जन्मजात गुन्हेगारी ही कल्पना तेव्हा फक्त पडद्यावर नव्हती. हा चित्रपट आला त्या १९३१ साली आपल्या मुंबई इलाख्यात गुन्हेगार जमाती कायदा लागू होता. १८७१ साली इंग्रजांनी तो प्रथम उत्तरेत आणला, पुढे तो इकडेही आला. पारधी, कैकाडी अशा कितीतरी जमातींतलं मूल जन्मतःच सरकारी नोंदीत संशयित. हजेरी द्यायची, परवानगीशिवाय गाव सोडायचं नाही, सोलापूरसारख्या ठिकाणी सेटलमेंटच्या तारेच्या कुंपणात राहायचं. १९५२ साली देशभरातून हा कायदा गेला. तरीही आजही कुठे चोरी-दरोडा झाला की पोलिसांची गाडी आधी कुणाच्या पालावर जाते, हे महाराष्ट्रात कुणाला सांगावं लागत नाही. डॉ. वाल्डमनचं व्याख्यान आपण अजून खरं मानतो. म्हणूनच कृत्य दाखवून कारण कापणारी कात्री मला निरुपद्रवी वाटत नाही. ती आपल्या मनात आधीच असलेल्या एका सोयीच्या समजुतीला खतपाणी घालते.

हे काप घातले कुणी? एका माणसाने नाही आणि एका दिवसात नाही. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९१५ साली ठरवून टाकलं होतं की चित्रपट हा निव्वळ धंदा आहे, त्याला अभिव्यक्तिस्वातंत्र्याचं संरक्षण नाही. ही चूक दुरुस्त व्हायला १९५२ साल उजाडलं. तोवर राज्याराज्यांची, शहराशहरांची मंडळं आपापली कात्री चालवत होती. मॅसॅच्युसेट्स, पेनसिल्व्हेनिया, न्यू यॉर्क इथल्या मंडळांनी तळ्याचा प्रसंग कापायला लावला. कॅन्ससच्या मंडळाने मागितलेल्या कापांची यादी ३२ ची होती; ती मान्य केली असती तर ७० मिनिटांचा चित्रपट निम्मा झाला असता. तरी ही कापाकापी त्या त्या राज्यातल्या प्रतींपुरती होती. खरं नुकसान नंतर झालं. १९३४ पासून हॉलीवूडच्या कंपन्यांची स्वतःची आचारसंहिता कडक झाली. जुना चित्रपट पुन्हा लावायचा तरी तिचा शिक्का लागायचा. तो मिळावा म्हणून युनिव्हर्सलने पुनर्प्रदर्शनाच्या वेळी स्वतःच काप दिले, आणि त्यानंतर सगळीकडे फिरली ती कापलेलीच आवृत्ती. १९५७ साली अमेरिकेतल्या दूरचित्रवाणीवर जुन्या भयपटांचा मोठा संच आला आणि नव्या पिढीने हा चित्रपट घरात बसून पाहिला. पाहिला तो अर्थात कापलेला. ज्या मुलांनी त्या जिवाला निखळ खुनी समजून आपली भीती घडवली, ती याच काळातली.

१९८० च्या दशकात हरवलेला तुकडा ब्रिटनच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहात सापडला आणि पुन्हा जागेवर बसवला गेला. पुढे हेन्रीचं ते वाक्यही गडगडाटाखालून बाहेर काढलं गेलं. १९९१ साली अमेरिकेच्या संसद ग्रंथालयाने हा चित्रपट राष्ट्रीय ठेवा म्हणून नोंदवला. मंडळांवरच्या त्या सभ्य गृहस्थांची नावं आज कुणाला आठवत नाहीत, हे खरं. पण हा चित्रपट वाचला तो नशिबाने. दुसऱ्या देशात कुणीतरी एक प्रत जपून ठेवली होती म्हणून.

कात्रीची बाजू घेणाऱ्यांचा एक मुद्दा मला हलका वाटत नाही. खुद्द कार्लॉफलाच ते दृश्य रुचलं नव्हतं. त्याचं म्हणणं असं की या जिवाने मुलीला फुलासारखं अलगद पाण्यावर ठेवायला हवं होतं, आणि ती बुडताना पाहून हादरायला हवं होतं. व्हेलने तिला उचलून फेकायला लावलं, त्यामुळे ते कृत्य क्रूर आणि हेतुपुरस्सर वाटतं, अशी त्याची तक्रार होती. मला कार्लॉफचं पटतं. अलगद ठेवलं असतं तर प्रसंग आणखी हृदयद्रावक झाला असता आणि गैरसमजाला जागा उरली नसती. पण हा वाद कुठे झाला ते महत्त्वाचं आहे. तो चित्रीकरणाच्या जागी, नट आणि दिग्दर्शक यांच्यात झाला, त्या जिवाला कसं समजून घ्यायचं याबद्दल झाला. दोघांचाही हेतू त्याचं अजाणतेपण दाखवण्याचाच होता. मंडळासमोर असला प्रश्न येतच नाही. मंडळासमोर एवढंच येतं की लहान मुलीचा मृत्यू, इतकी फूट फिल्म. कात्री फूट मोजते, म्हणून काय कापायचं ते तिला लगेच कळतं, आणि काय कापलं गेलं ते कधीच कळत नाही.

दुसरा मुद्दा मुलांचा. लहान मुलांनी हे बघायचं का? नाही. माझ्या घरातल्या आठ वर्षांच्या मुलाला मी हा प्रसंग दाखवणार नाही आणि कुणी दाखवावा असंही म्हणणार नाही. पण मुलाला न दाखवणं आणि चाळीस वर्षांच्या माणसालाही कापून दाखवणं या दोन गोष्टी आपण सतत एकमेकींत मिसळतो. मुलांचं रक्षण करायचं असेल तर दारावर वय बघा. या चित्रपटानेच तो मार्ग दाखवला होता. चित्रपट सुरू होण्याआधी पडद्यामागून एक सूटबूटवाले गृहस्थ येतात (वाल्डमनचं काम करणारे एडवर्ड व्हॅन स्लोनच ते) आणि शांतपणे सांगतात की तुम्हाला धक्का बसेल, कदाचित भीतीने अंगावर काटा येईल, ज्यांना हे झेपणार नाही त्यांनी विचार करावा. जाहिरातीचा भाग त्यात होताच. तरीही त्या बोलण्यात प्रेक्षकाबद्दल आदर आहे. पुढे काय आहे ते सांगितलं, आता निर्णय तुमचा. ब्रिटनमध्ये अशाच भयपटांवरून ओरड झाली तेव्हा तिथल्या मंडळाने १९३२ साली भयपटांसाठी वेगळी खूण आणली आणि १९३७ साली तिला सोळा वर्षांची अट जोडली. तिथेही कात्री चालायचीच, पण वयाची वेस आखली की कात्रीची गरज कमी होते हे निदान कुणाला तरी सुचलं.

आपल्याकडे हे सुचून बराच काळ झाला, फक्त सवय सुटत नाही. मुंबईत मुख्यालय असलेल्या मंडळाचं नाव १९८३ पासून केंद्रीय चित्रपट प्रमाणन मंडळ आहे. काम प्रमाणपत्र द्यायचं. २०१६ साली श्याम बेनेगल यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने स्पष्ट सांगितलं की मंडळाने वयानुसार प्रमाणपत्र द्यावं, काप सुचवण्याच्या भानगडीत पडू नये. २०२३ च्या दुरुस्तीने सात, तेरा आणि सोळा वर्षांच्या पायऱ्याही आल्या. पायऱ्या आल्या, पण कात्री टेबलावरून हलली नाही.

आणि ही कात्री काय कापते? ख्वाजा अहमद अब्बास यांनी १९६० च्या दशकाच्या शेवटी मुंबई, कोलकाता, दिल्ली आणि मद्रास या चार शहरांवर एक माहितीपट केला. श्रीमंतांचा झगमगाट आणि तो झगमगाट ज्यांच्या श्रमावर उभा आहे त्यांची दैना, असा तो विरोध होता. सर्वांसाठीचं प्रमाणपत्र हवं असेल तर मुंबईच्या वेश्यावस्तीची दृश्यं काढा, असं त्यांना सांगण्यात आलं. म्हणजे उंच इमारती राहू द्या, त्यांच्या सावलीत काय आहे ते काढा. अब्बास सर्वोच्च न्यायालयात गेले. न्यायालयाने १९७० साली पूर्वपरीक्षण घटनेत बसतं असा निर्णय दिला आणि आजची व्यवस्था त्याच निकालावर उभी आहे. दुसरं उदाहरण २०१६ चं, 'उडता पंजाब'चं. पंजाबातल्या तरुणांना लागलेल्या अमली पदार्थांच्या व्यसनावरचा चित्रपट. मंडळाने सुचवलेल्या १३ बदलांत पंजाबचं आणि तिथल्या शहरांची नावं काढा, निवडणूक, आमदार, खासदार, पक्ष हे शब्द काढा, असंही होतं. व्यसनी पोरं दाखवा. ती कुठली, आणि त्यांच्यापर्यंत माल पोहोचवणारी साखळी कुणाच्या आशीर्वादाने चालते, तेवढं सांगू नका. मुंबई उच्च न्यायालयाने एक काप आणि एक निवेदन यावर तो चित्रपट सोडला आणि मंडळाचं काम प्रमाणपत्र देण्याचं आहे याची आठवण करून दिली. १९३१ चा अमेरिकी राक्षस आणि २०१६ चा पंजाबी व्यसनी यांच्यात एरवी काहीच साम्य नाही. पण दोघांवर चाललेली कात्री एकाच दिशेने चालली आहे.

सगळेच काप असे असतात असं मी म्हणत नाही. पुष्कळ चित्रपटांत हिंसा फक्त चव म्हणून असते. रक्ताचे फवारे, मंदगतीत उडणारी बोटं, कारण ना परिणाम. असलं दृश्य कापलं तर सिनेमाचं काही बिघडत नाही, हे मीही मान्य करतो. गंमत अशी की असली दृश्यं आपल्याकडे सर्रास पार होतात, कारण त्यातून कुणाकडेच बोट जात नाही. शत्रू मारला, टाळ्या पडल्या, विषय संपला. बोट जिथे निर्मात्याकडे, मालकाकडे, पुढाऱ्याकडे, आपल्याकडे जातं तिथे मंडळाला एकदम प्रेक्षकाच्या नाजूक मनाची काळजी वाटू लागते. आणि एखादा चित्रपट खरोखर जमातीजमातींत आग लावायला निघाला असेल तर त्यासाठी फौजदारी कायदा आहे, न्यायालय आहे, पुरावा आहे, दोन्ही बाजूंचं म्हणणं आहे. बंद खोलीत चार-पाच जणांनी दुपारी बसून सेकंद मोजणं हा त्याला पर्याय होऊ शकत नाही.

निर्माते भांडत का नाहीत, असा प्रश्न पुष्कळ जण विचारतात. युनिव्हर्सल भांडली का? तिने स्वतःच फिल्म कापली, कारण पुनर्प्रदर्शनाचा पैसा समोर दिसत होता. आपल्या निर्मात्याची गोष्ट याहून अवघड आहे. शुक्रवारची तारीख ठरलेली, थिएटरं घेतलेली, कर्जाचं व्याज चाललेलं. पूर्वी मंडळाचा निर्णय पटला नाही तर अपील न्यायाधिकरण होतं, चित्रपटाची जाण असलेली माणसं तिथे असायची. २०२१ साली ते गुंडाळलं. आता थेट उच्च न्यायालय. मोठ्या कंपन्या जातात. चार मित्रांनी पैसे जमवून मराठी चित्रपट काढणारा कुठून जाणार? तो काप मान्य करतो, आणि पुढच्या वेळी तो प्रसंग लिहीतच नाही. न लिहिलेलं दृश्य ब्रिटनच्या काय, कुठल्याच संग्रहात सापडणार नाही.

म्हणून तीन गोष्टी मागाव्यात असं मला वाटतं, आणि तिन्ही शक्य आहेत. मंडळाने वय ठरवावं आणि थांबावं. प्रौढांसाठीच्या प्रमाणपत्रात काप सुचवण्याचा अधिकारच नसावा. अपील न्यायाधिकरण परत यावं, आणि निर्णय प्रदर्शनाच्या तारखेआधी देण्याचं बंधन त्यावर असावं. तिसरी गोष्ट दूरचित्रवाणीची. प्रौढांचं प्रमाणपत्र मिळालेला चित्रपट आपल्याकडे जसाच्या तसा वाहिनीवर दाखवता येत नाही, म्हणून तो पुन्हा कापून वेगळं प्रमाणपत्र घेतात. घराघरांत पोहोचते ती हीच प्रत, आणि वीस वर्षांनी लोकांना आठवतो तोही हाच चित्रपट, १९५७ नंतरच्या अमेरिकी मुलांना आठवायचा तसा. वाहिनीसाठी कापायचंच असेल तर दाखवण्याआधी पडद्यावर तसं लिहा, किती मिनिटं काढली ते सांगा. आणि दिग्दर्शकाने पूर्ण केलेली, एकही काप नसलेली प्रत पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात प्रमाणपत्र देतानाच जमा करून घ्या. १९६४ पासून हे संग्रहालय उभं आहे, तिथे हे काम जाणणारी माणसं आहेत. नियम करायचा तर एका परिपत्रकाचं काम आहे. खर्च एका हार्ड डिस्कचा.